फर्मागुडीहून चाकणला: मोटार कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करायची तर

निकाल लागले की जुलै-ऑगस्टात मला ठरलेले फोन येतात. डिचोली, फोंडा, काणकोण, कुठला तरी ओळखीचा मुलगा किंवा मुलगी असते. "दादा, पुण्याजवळच्या कार कंपनीत अप्रेंटिस म्हणून बोलावलंय. पण वर्ष संपल्यावर नोकरी देणार नाही म्हणतात. मग जाऊन काय उपयोग?" मागून वडिलांचा आवाज ऐकू येतो, "आणि इथे सरकारी जाहिरात निघाली तर?"

मी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल केलं, एक वर्ष पुण्याच्या पट्ट्यात शिकाऊ उमेदवार म्हणजे अप्रेंटिस होतो आणि नंतर क्वालिटी विभागात नोकरीला लागलो. माझं उत्तर दरवर्षी एकच असतं: जा, पण दोन गोष्टी हातात घेऊन जा. एक, सरकारी पोर्टलवर नोंदलेला करार. दुसरी, कुठल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या कुठल्या विभागात, किती महिने काढायचे याचा लेखी कार्यक्रम. या दोन्ही असतील तर नोकरी न मिळताही वर्ष वसूल होतं. नसतील तर तुम्ही फक्त स्वस्तातला हेल्पर असता.

आपण नेमके कोण म्हणून जातोय?

कारखान्यात 'ट्रेनी' हा शब्द फार सैल वापरतात. ऑफर आली की पहिला प्रश्न हा विचारा: हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आहे का? 'ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी' म्हणजे जीईटी हा कंपनीचा कर्मचारी असतो, त्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. अप्रेंटिस हा कायद्याच्या लेखी कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळतं, आणि पीएफ किंवा ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू होत नाही. मात्र कारखान्यांसाठीच्या आरोग्य आणि सुरक्षेच्या कायदेशीर तरतुदी त्यालाही लागू आहेत, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्कही आहे. तिसरी जात म्हणजे ठेकेदाराचा 'ट्रेनी'. कागद ठेकेदाराच्या लेटरहेडवर, नोंदणी कुठेच नाही. त्या वाटेला जाऊ नका, आणि कुणी 'डिपॉझिट' मागितलं तर फोन तिथेच ठेवा.

कायद्याखालच्या अप्रेंटिसचेही प्रकार आहेत. आयटीआयवाले ट्रेड अप्रेंटिस. त्यांची नोंद कौशल्य विकास मंत्रालयाच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. गोव्यात त्यांनी अडचण घेऊन जायचं ठिकाण म्हणजे पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनातलं कौशल्य विकास संचालनालय. डिप्लोमावाले टेक्निशियन अप्रेंटिस आणि डिग्रीवाले ग्रॅज्युएट अप्रेंटिस. त्यांच्यासाठी शिक्षण मंत्रालयाचं नॅट्स (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टल आहे आणि त्यांचं प्रशिक्षण साधारण एक वर्षाचं असतं. देशात चार विभागीय मंडळं ते चालवतात, त्यातलं गोव्याचं मंडळ मुंबईत शीवला आहे. बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'बोट' म्हणतात. 'बोटीत नाव घातलंय' असं मी घरी सांगितलं तेव्हा आजीला वाटलं, नातू जहाजावर निघाला.

एक अट आधीच पाहून ठेवा. अप्रेंटिसशिप एकदा पूर्ण केली की त्याच पातळीवर पुन्हा करता येत नाही, आणि एक वर्ष किंवा अधिक अनुभव असलेल्याला नॅट्समध्ये घेत नाहीत. त्यामुळे 'आधी दोन वर्षं काहीतरी करू, मग बघू' हा बेत इथे चालत नाही.

गोव्यातून कुठे अर्ज करायचा

गोव्यात कार बनवणारा कारखाना नाही. सत्तरीतलं होंडा हे गाव आहे, जपानी कंपनी नव्हे. हे मला चाकणच्या मित्रांना कितीदा सांगावं लागलं असेल! पण गंमत अशी की वाहनउद्योगात गोव्याचं नाव याच गावाच्या परिसरात आहे. १९८० साली स्थापन झालेली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा तिथे बसच्या बॉडी बांधते. पत्राकाम, वेल्डिंग, पेंट, फिटिंग या सगळ्या गोष्टी तिथेही आहेत, फक्त वेग कारच्या लाईनचा नाही. घर सोडणं खरोखरच शक्य नसेल तर तिथे आधी चौकशी करा. उसगावला एमआरएफचा टायर कारखाना आहे. तिथे कार दिसणार नाही, पण मोठ्या कारखान्याची शिस्त, पाळ्या आणि क्वालिटीची भाषा शिकाल.

घाट चढायची तयारी असेल तर धारवाडला टाटांचा बसचा कारखाना आहे. कारच हवी असेल तर मात्र पुण्याचा पट्टा: पिंपरीला टाटा, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, रांजणगावला फियाट आणि टाटांचा संयुक्त कारखाना. पुढे नाशिकला महिंद्रा, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला स्कोडा, दक्षिणेत बेंगळुरूजवळ बिडदीला टोयोटा.

फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नका, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. कार कंपनीत तुम्ही जोडणी शिकता. भाग कसा बनतो हे भाग बनवणाऱ्याकडे दिसतं. बेळगाव आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतकाम पाहिलेला मुलगा इंजिन ब्लॉकमधलं छिद्र बघून 'हा गॅस आहे की आकसल्यामुळे झालंय' यावर बोलू शकतो. मुलाखतीत अशा मुलाकडे लगेच लक्ष जातं.

कागद, आणि गोव्याचं स्पेलिंग

निवड होऊनही आमच्यातले निम्मे लोक इथे अडकतात. नाईक, गावकर, सावंत ही आडनावं आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं, आधारवर तिसरं, आणि वडिलांचं नाव कुठे मध्ये आहे, कुठे शेवटी. पोर्टल आधारशी पडताळतं, त्याला आपला इतिहास ठाऊक नसतो. शेवटच्या सेमिस्टरलाच आधार, बँक पासबुक आणि गुणपत्रिका समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्तीला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं, लवकर सुरू करणं असतं.

बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही. थेट सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते आधारवर 'सीड' झालेलं असावं लागतं. शाखेत जाऊन हाच शब्द वापरा. मी आळस केला, आणि विद्यावेतनातला सरकारी वाटा बरेच दिवस लटकून राहिला. चूक सर्वस्वी माझी.

सोबत ठेवायचं: डिग्री किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट फोटो. डिप्लोमावाल्यांनी तंत्रशिक्षण मंडळाचं अंतिम प्रमाणपत्र कधी मिळणार हे मंडळाच्या पर्वरीच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. मग नॅट्सवर विद्यार्थी म्हणून नोंदणी करा, नोंदणी क्रमांक जपून ठेवा, आणि त्याच क्रमांकाने कंपन्यांच्या जागांना अर्ज करा. पोर्टलवर अर्ज टाकून गप्प बसू नका. कंपनीच्या करिअर पानावरही बघा, आणि कॉलेजच्या प्लेसमेंट सरांकडून बोटच्या अप्रेंटिसशिप मेळाव्याची तारीख काढा.

परीक्षा आणि मुलाखत

लेखी परीक्षा बहुधा सोपी असते: थोडं गणित, थोडी तर्कबुद्धी, आणि आपल्या शाखेचं मूळ. मुलाखतीत माझ्यासमोर व्हर्नियर कॅलिपर ठेवून 'वाच' म्हणाले होते. चार वर्षं प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं उतरवलेल्यांची तिथे फजिती झाली. लघुतम माप (लीस्ट काउंट), फिट आणि टॉलरन्स, ड्रॉइंगवरची भौमितिक चिन्हं, स्पॉट वेल्डिंगचं तत्त्व, फोर-स्ट्रोक इंजिन, इतकं पक्कं असू द्या. इलेक्ट्रिकलवाल्यांनी रिले, सेन्सर आणि पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्रॅमेबल कंट्रोलर, यांची मूळ कल्पना. आता बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल एखादा प्रश्न येतोच. निदान बॅटरी पॅक, मोटर आणि इन्व्हर्टर यांचं एकमेकांशी नातं सांगता यावं.

वैद्यकीय तपासणीत रंग ओळखण्याची चाचणी असते, कारण वायरिंग आणि पेंटला ती लागते. रंगांधळेपणा असेल तर खचू नका, मशीन शॉपमध्ये काम मिळू शकतं. पण लपवू नका.

सही करण्याआधी

कराराचा कागद घरी नेऊन वाचा. त्यात या गोष्टी दिसायला हव्यात: कायद्याचा उल्लेख, प्रशिक्षणाची सुरुवात आणि शेवट, विद्यावेतनाची रक्कम, आणि पोर्टलवरचा करार क्रमांक. करार नोंदवणं ही कंपनीची जबाबदारी आहे. तो क्रमांक मिळाला नसेल तर पहिल्या महिन्यातच मागा. २०१९ च्या नियमांनुसार किमान विद्यावेतन पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमाधारकाला ८,००० रुपये होतं. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली. मोठ्या कार कंपन्या किमान रकमेपेक्षा जास्त देताना मी पाहिल्या आहेत, शिवाय कॅन्टीन आणि बस असते. दोन ऑफर तोलताना फक्त आकडा बघू नका. जेवण आणि बस नसलेले दोन हजार जादा म्हणजे प्रत्यक्षात तोटा.

वर्षानंतर नोकरी देण्याचं बंधन कायद्याने कंपनीवर नाही, तसं करारात आधीच लिहिलं नसेल तर. तोंडी आश्वासनाला 'हो सर' म्हणायचं आणि ते विसरून जायचं. ओव्हरटाईमही अप्रेंटिसवर असा तसा लादता येत नाही, त्याला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी लागते. महिन्याच्या शेवटी 'जरा थांब रे' सुरू झालं की हे लक्षात असू द्या.

राहणं, जेवण आणि चवथ

वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला जाते. रात्रीच्या बसही भरपूर आहेत. खोली शोधताना कारखान्यापासूनचं अंतर मोजू नका, कंपनीच्या बसचा थांबा कुठे आहे ते बघा. पहिल्या पाळीला पहाटे अंधारात निघावं लागतं, तेव्हा थांबा पायी दहा मिनिटांवर असणं म्हणजे काय सुख असतं ते डिसेंबरात कळेल. स्वेटर घ्या. आपल्याला थंडी म्हणजे काय हे माहीत नसतं.

मेसमध्ये चपाती आणि उसळ. शीतकडीची, म्हणजे आपल्या भात-कालवणाची, आठवण तिसऱ्या दिवशी येते आणि वर्षभर जात नाही. उपाय एकच: दोघे-तिघे गोवेकर मिळून एक गॅस, एक कुकर, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून सुके बांगडे.

चवथीचा विषय मात्र गंभीर आहे. रुजू होता जुलै-ऑगस्टात, आणि लगेच चतुर्थी. गोव्याच्या माणसाला पाच दिवस घरी हवं असतं, कंपनीच्या कॅलेंडरात बहुधा एकच सुट्टी असते. रुजू होतानाच तारखा ट्रेनिंग विभागाला लेखी द्या. न सांगता निघून गेलेल्या एका मुलाची गैरहजेरी शेवटी प्रशिक्षणाचा काळ वाढवून भरून काढावी लागली.

बोलण्याचं एक. आपल्या घरात आई-वडिलांनाही 'तू' म्हणतात, कोकणीतला तो 'तूं' मराठी बोलतानाही तोंडात येतो. घाटावर वीस वर्षं लाईनवर उभ्या असलेल्या माणसाला 'तू' म्हणालात तर तो काही बोलणार नाही, पण त्यानंतर काही शिकवणारही नाही. तिथे वडील कामगारांना 'मामा' म्हणतात. तुम्हीही मामा म्हणा, आणि पुढे 'तुम्ही'.

शॉप फ्लोअरवर नेमकं काय शिकायचं

कार कारखान्याचा क्रम ठरलेला असतो: प्रेस, बॉडी, पेंट, असेंब्ली. इंजिनची मशीनिंग लाईन वेगळी. वर्षभरात तीन शॉप बघायला मिळाले तर उत्तम.

प्रेस शॉपमध्ये पत्र्याचे भाग बनतात. इथे ऐकायला शिका. डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा नीट बसला नसेल तर जुना ऑपरेटर आवाजावरून ओळखतो. कानात प्लग मात्र पहिल्या मिनिटापासून.

बॉडी शॉप हे माझ्या मते अप्रेंटिससाठी सर्वांत मोठं विद्यापीठ. एका कारच्या सांगाड्यात काही हजार स्पॉट वेल्ड असतात. वेल्डिंग गनच्या टोकांवरच्या दोन तांब्याच्या टोप्यांमध्ये पत्रे दाबून काही हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या अंशभर सोडला की मध्ये वितळून टिकली तयार होते. टोपी झिजून पसरली की प्रवाह जास्त जागेत वाटला जातो आणि टिकली कच्ची राहते, वरून मात्र सगळं ठीक दिसतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर टोपी आणखी लवकर बिघडते, कारण जस्त तांब्यात मिसळून पितळ होतं. म्हणून टोपी ठरावीक वेल्डनंतर घासतात आणि पुढे बदलतात. त्या 'ठरावीक' आकड्यामागे काय आहे, हे मामांना विचारा. छिन्नी घालून वेल्ड तोडून बघायची चाचणी चालू असेल तेव्हा जवळ उभे राहा. हे पुस्तकातून डोक्यात शिरत नाही.

पेंट शॉपला जाताना केसाला सिरम, अंगाला डिओ काही नको. त्यातलं सिलिकॉन बॉडीवर उडालं तर रंग तेवढ्या जागी फाकतो आणि बारीक खड्डे पडतात. आमच्या बॅचमधल्या एकाला या कारणावरून दाराबाहेर उभं केलं होतं. आधी धुणं आणि फॉस्फेट, मग सगळी बॉडी हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने साधारण वीस मायक्रॉनचा थर, भट्टी, सांधे बुजवणारा सीलर, मग वरचे थर. गोव्याच्या माणसाला हे चटकन पटतं. खारी हवा पत्र्याचं काय करते हे आपण दारातच पाहिलेलं असतं. तो हौद आणि सीलर म्हणजे गंजाविरुद्धची खरी लढाई. वरचा झगमगीत थर शोभेचा अधिक.

असेंब्लीत वेळेचं गणित कळतं. पाळीत जेवण-चहा वजा जाता ४५० मिनिटं उरली, म्हणजे २७,००० सेकंद. ३०० गाड्या काढायच्या असतील तर दर ९० सेकंदांना एक गाडी पुढे सरकली पाहिजे. याला टॅक्ट टाईम म्हणतात. आता एका स्टेशनचं काम ९८ सेकंदांचं निघालं तर काय कराल? माणूस वाढवाल, काम पुढच्या स्टेशनला द्याल, की तो दर वेळी पाच पावलं चालून बोल्ट आणतो ती पेटी जवळ आणाल? स्टॉपवॉच घेऊन हे एकदा स्वतः मोजा. बोल्ट आवळण्याकडेही नीट बघा: लहान गाडीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि एकापाठोपाठ नाही, समोरासमोरचे घेत.

सुरक्षेत एकाच गोष्टीवर भांडा. रोबोटच्या कुंपणात किंवा बंद मशीनमध्ये हात घालायचा असेल तर स्वतःचं कुलूप आणि स्वतःचा टॅग लावल्याशिवाय जायचं नाही. 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणणारा कितीही मोठा साहेब असो.

एकाच स्टेशनवर अडकवलं तर

हे होतं. माझं झालं. पहिले तीन महिने मला दाराच्या लाईनवर एकाच ठिकाणी उभं केलं, कारण तिथे माणूस कमी होता. चिडून उपयोग नसतो. मी रुजू होताना मिळालेला प्रशिक्षण कार्यक्रम आणि माझी वही घेऊन ट्रेनिंग विभागात गेलो, आणि 'कार्यक्रमानुसार मी आज पेंटला असायला हवं, कधी पाठवाल?' एवढंच विचारलं. दोन आठवड्यांत बदली झाली. तरीही झाली नसती तर पुढची पायरी बोटकडे लेखी तक्रार. म्हणूनच तो कार्यक्रम पहिल्या आठवड्यात मागून घ्या.

वही म्हणजे कोणती? रोज घरी आल्यावर पंधरा मिनिटं: आज काय बिघडलं, कुणी कसं दुरुस्त केलं, मला काय कळलं नाही. फोटो काढायचे नाहीत, आत मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात आणि ते योग्यच आहे. भागाचे क्रमांक, ड्रॉइंग, उत्पादनाचे आकडे वहीत नकोत. समज लिहा, कंपनीची माहिती नाही.

त्या तीन कंटाळवाण्या महिन्यांतूनच माझा प्रोजेक्ट निघाला. डाव्या दारांवर खालच्या कडेला बारीक पोचे येत, उजव्यांवर नाहीत. सगळे प्रेसकडे बोट दाखवत. मी आठवडाभर पोच्याची जागा कागदावरच्या दाराच्या चित्रात ठिपक्याने मांडली. ठिपके एकाच पट्ट्यात आले. ट्रॉलीत दार जिथे टेकतं तिथलं रबर झिजून लोखंड वर आलं होतं. रबर बदललं, विषय संपला. पुढच्या मुलाखतीत मी वीस मिनिटं या रबरावरच बोललो.

शेवटचे दोन महिने

प्रगती अहवाल पोर्टलवर वेळेवर चढतायत का ते बघा, ते अडकले की प्रमाणपत्र अडकतं. नॅट्सचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नावाने मिळतं आणि रोजगार विनिमय केंद्रात ते अनुभव म्हणून नोंदवता येतं. गोव्यात परतून सरकारी जाहिरातीची वाट बघायची असेल तर घरच्यांना हा मुद्दा सांगा, फोनमागचा आवाज जरा शांत होतो.

रेझ्युमेत 'अमुक कंपनीत अप्रेंटिस' एवढंच लिहू नका. शॉप, महिने आणि एक सोडवलेला प्रश्न लिहा. अर्ज दहाव्या महिन्यापासून सुरू करा: त्याच कंपनीत जीईटी, तिला भाग पुरवणारे कारखाने, आणि गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या वसाहती. ज्या सुपरवायझरने शिकवलं त्याला संदर्भ म्हणून नाव देऊ का, हे तो त्या खात्यात असतानाच विचारून घ्या, कारण बदल्या अचानक होतात.

शेवटच्या दिवशी सेफ्टी शूज, लॉकरची किल्ली आणि गेटपास परत केल्याची पावती घ्या. माझी किल्ली परत केल्याची नोंद नव्हती, तेवढ्यासाठी 'नो ड्यूज', म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं प्रमाणपत्र, अडलं आणि मडगावला उतरल्यावर चार दिवसांनी पुन्हा पुण्याची गाडी पकडावी लागली.